पहिल्याच घासाला

"हात लावू नका कुणी. अजून दोन तास," बाबा म्हणाले.

रविवारची सकाळ होती. मागच्या गॅलरीत बाबांनी दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर झाडूच्या दोन काठ्या आडव्या टाकल्या होत्या आणि काठ्यांवर काहीतरी पांढरं, लुळं लोंबत होतं. मी जवळ जाऊन पाहिलं. आदल्या दिवशी मी दुकानातून आणलेल्या कमी कॅलरीच्या नूडल्स होत्या त्या. चार पाकिटं. पाण्यात बुडवलेल्या असतात, कुठल्याशा कंदाच्या पिठाच्या, आणि पाकीट फोडलं की मासळीबाजाराच्या मागच्या बाजूला उभं राहिल्यासारखा वास येतो.

"बाबा, या वाळवायच्या नसतात. धुवायच्या, उकळायच्या, खायच्या. पाकिटावर लिहिलंय तसं."

"लिहिणाऱ्याने जन्मात कधी पास्ता सुकवलाय का? माल ओला आहे म्हणून रबरासारखा लागतोय. जरा बेतानं वारा दिला की जीव धरेल."

एकतीस वर्षं पास्ता सुकवलेल्या माणसाला सुकवणं शिकवण्याइतकी मी शहाणी नव्हते. बाबा तिथेच स्टुलावर बसून राहिले. मधूनमधून उठून काठी फिरवत होते. दोन तासांनी त्यांनी आईला आणि मला हाक मारली, पण आवाजात काही दम नव्हता. चार पाकिटांच्या नूडल्सचे केसाएवढे बारीक दोरे झाले होते. सगळे मिळून माझी मूठही भरली नसती.

आईने त्यातला एक दोरा चिमटीत धरून उजेडात पाहिला. "अहो," ती म्हणाली, "तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय ना? लावू का याने?"

"यात मालच नाही," बाबा म्हणाले. ते खरोखर हादरले होते. "नुसतं पाणी उभं केलंय ग. नुसतं पाणी."

बाबा पास्त्याच्या कारखान्यात सुकवणी खोलीत होते. साच्यातून पडलेला ओला पास्ता काठ्यांवर टांगतात आणि तो ट्रॉल्यांमधून या खोलीत येतो. इथे त्याला गरम दमट हवा द्यायची. घाई केली तर पास्ता वरून कडक होतो, आतून ओलाच राहतो, आणि आठवड्याभराने दुकानातल्या दुकानात पाकिटात तडकतो. म्हणून त्या कारखान्याची एक जुनी पद्धत होती. ट्रॉली पॅकिंगला सोडण्याआधी सुकवणीवाल्याने तिच्यातला मूठभर पास्ता उकळून खायचा. ना तेल, ना मीठ, ना कसला रस्सा. नुसता चावायचा आणि ठरवायचं. पुढे भिंतीवर मीटर आले, आकडे दाखवणाऱ्या पेट्या आल्या, पण पद्धत मोडली नाही. बाबा पहिला घास चावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अजून दोन तास." पॅकिंगच्या बायकांनी त्यांचं नावच ‘दोन तास’ पाडलं होतं. ‘दोन तास’ आले, ‘दोन तास’ गेले.

दिवसाला दहा-बारा ट्रॉल्या, दर ट्रॉलीला एक मूठ, असं एकतीस वर्षं. बाबांचं वजन अठ्ठ्याण्णव किलो होतं ते असं इमानेइतबारे कमावलेलं. त्यांना त्याचा थोडा तोराही होता.

दीड वर्षापूर्वी आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास ती मशीनला जोडलेली असायची. मशीनसाठी तयार केलेली हाताची नस दोनदा बंद पडली होती आणि डॉक्टरांनी दोनदा उघडून दिली होती. ती कायमची बंद पडली तर दुसरा हात, त्यानंतर मांडी, आणि त्यानंतर काय, हे विचारलं की डॉक्टर फाइल चाळायला लागायचे. मी एकुलती एक मुलगी, पण मला साखरेचा आजार, म्हणून किडनी देण्यासाठीच्या पहिल्याच तपासणीत मी बाद झाले. बाबांचं रक्त जुळलं. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं, दोन डॉक्टर आणि एक नर्स होतो. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "मग घ्या की माझी." शेजाऱ्याला छत्री द्यावी इतक्या सहज म्हणाले. मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला की मी सगळ्या ऑफिसभर सांगत फिरले.

"देता येईल," डॉक्टर म्हणाले, "पण वजन अठ्ठ्याऐंशीच्या आत आणा. त्याच्या वर असताना आम्ही तुम्हाला टेबलावर घेणार नाही. तुमच्याच जिवाला धोका आहे. तीन महिने देतो."

आहारतज्ज्ञ बाईंनी पास्ता बंद केला. बाबा त्यांच्याकडे असे बघत राहिले, जसं काही त्यांनी श्वास बंद करायला सांगितलंय. मग बाईंनीच या नूडल्सचं नाव काढलं. दिसायला तशाच, पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंगाला काही लागत नाही.

वाळवण्याचा प्रयोग फसल्यावर बाबांनी कानाला खडा लावला आणि पाकिटावर लिहिलं होतं तसं सुरू झालं. म्हणजे आईने सुरू केलं. स्वयंपाक तिचाच होता. मशीनवरून आलेल्या दिवशीही ती कुणाला ओट्यापाशी येऊ द्यायची नाही. नूडल्स नळाखाली खळखळून धुवायच्या, वास जाईपर्यंत उकळायच्या, मग कोरड्या तव्यावर परतायच्या. परतताना त्या उंदरासारख्या चूं-चूं करत. वरून टोमॅटोचा रस्सा. बाबा मान खाली घालून खायचे. "कसं झालंय?" असं आईने विचारलं की म्हणायचे, "रस्सा छान झालाय."

पाच आठवड्यांत ते त्र्याण्णववर आले. शर्ट सैल झाला, पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. आणि मग काटा अडला. त्र्याण्णव. पुढच्या आठवड्यात त्र्याण्णव आणि दोनशे ग्रॅम. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा त्र्याण्णव.

आहारतज्ज्ञ बाईंनी चष्मा काढला. "कुठेतरी खाताय तुम्ही."

"असेल," बाबा म्हणाले.

"असेल म्हणजे?"

"खाल्लं जात असेल. लक्षात येत नसेल."

मी बाहेर आल्यावर त्यांना वाटेल ते बोलले. माझ्या जिभेला हाड नाही, असं आई नेहमी म्हणते आणि ते खरंच आहे. "आई तिथे सुया टोचून घेतेय आणि तुम्हाला मूठभर पास्ता सोडवत नाही का? एवढं म्हणजे एवढंही जमत नाही?" रस्त्यावर उभं राहून बोलले. बाबा ऐकत राहिले. त्यांनी एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही, म्हणून माझी खात्रीच पटली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना न सांगता कारखान्यात गेले. पॅकिंगच्या मावशी मला लहानपणापासून ओळखतात. त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "मावशी, बाबांवर जरा नजर ठेवाल? ट्रॉल्या तपासताना खातात ते."

मावशींनी हातमोजे काढले. "खातात कुठं ग ते? चावतात आणि डब्यात थुंकतात. गेले दोन महिने. भिंतीकडे तोंड करून." त्यांनी आवाज खाली आणला. "एकतीस वर्षांत त्या माणसानं अन्न थुंकलं नव्हतं. आम्ही बघतच नाही असं दाखवतो. तू पण काही बोलू नकोस हो."

मी परत निघाले तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटत होतं. काल रस्त्यावर मी काय काय बोलले होते ते सगळं आठवत होतं. वाटेत नूडल्सची आठवड्याची चौदा पाकिटं घेतली, बाबांसाठी त्यांच्या आवडीचे तिखट शेंगदाणेही घ्यावेत असं वाटलं, पण तेही चालणार नव्हते. अकराच्या सुमारास घरी पोचले. आई अजून दवाखान्यातून आली नव्हती. पाकिटं ठेवायला ओट्याखालचं कपाट उघडलं, तर आत जागाच नव्हती. मागच्या आठवड्याची पाकिटं तशीच होती. त्यांच्या मागे त्याच्या मागच्या आठवड्यातली. मी खाली फरशीवर बसून ती सगळी बाहेर काढली. बावीस निघाली.

आई आली तेव्हा मी तिथेच बसलेले होते. तिने मला पाहिलं, पाकिटांकडे पाहिलं आणि पर्स खुर्चीला अडकवली.

"पाणी दे आधी," ती म्हणाली. तिला दिवसभरात मोजूनच पाणी चालायचं. तिने दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला.

"काय खाऊ घालतेस त्यांना?"

"निम्मं निम्मं. कधी पाऊण." ती सरळ सांगत होती. "कारखान्यातून दर आठवड्याला तुटक्या मालाची पिशवी मिळते ना, त्यातला बारीक लांब पास्ता. जरा जास्त शिजवते. वरून थोड्या नूडल्स परतून घालते, म्हणजे ताटात चूं-चूं वाजतं."

"आणि बाबांना कळत नाही?"

आई हसली. "वेडी आहेस का? त्यांना डोळे बांधून एक तुकडा दे, कुठल्या ट्रॉलीचा ते सांगतील. पहिल्याच घासाला कळलं असणार."

"मग ते काही बोलले नाहीत?"

"नाही. मी वाढते, ते खातात."

"का पण?"

"त्यांना भीती वाटते ग," आई म्हणाली. "त्या दिवशी दवाखान्याच्या कागदावर सही करायला बसले, तर तीनदा पेन उघडलं आणि तीनदा झाकण लावलं. आंघोळीला गेले की नळ सोडून नुसते उभे राहतात. मी बायको आहे. मला काय सांगावं लागतं? पण सगळ्यांसमोर ‘घ्या माझी’ म्हणून बसले. आता माघार कशी घेणार? तू तर गावभर सांगितलंस. वजनच नाही उतरलं, तर डॉक्टर आपणहून नाही म्हणतील. त्यांच्यावर नाही म्हणायची वेळ येणार नाही."

"आणि तुझं काय?"

"माझं चाललंय की."

"किती दिवस चालेल?"

ती पाकिटं गोळा करून पुन्हा कपाटात रचायला लागली. डाव्या हाताला पट्टी होती, म्हणून एकाच हाताने रचत होती. "तू त्यांना काही विचारू नकोस," ती म्हणाली. "त्यांना लाज वाटेल असं काही करू नकोस. तुला माझी शपथ."

मी शपथ पाळली नाही. संध्याकाळी सात वाजता बाबा जेवायला बसले, आईने वाढलं, आणि त्यांनी पहिला घास घेतला. ते सावकाश चावत होते. मला आईचा राग आला होता, बाबांचा आला होता, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला होता. माझ्या आईचा जीव या ताटावर टांगलेला होता आणि दोघं मूग गिळून बसली होती. मी हात पुढे केला आणि ताट माझ्याकडे ओढलं.

"बाबा, काय आहे हे?"

"अगं ए," आई ओरडली.

"सांगा ना. काय खाताय तुम्ही?"

बाबांच्या तोंडात अजून घास होता. त्यांनी तो गिळला. हातातल्या काट्याकडे बघत म्हणाले, "बारीक साच्याचा लांब पास्ता. नऊ नंबरची ट्रॉली. मंगळवारचा माल. पॅकिंगला घाई होती म्हणून मी अर्धा तास आधीच सोडला होता. सोडायला नको होता."

मी ताटाकडे पाहिलं.

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग काल मी रस्त्यात एवढं बोलले तेव्हा..."

"तू बोललीस ते बरोबरच होतं," बाबा म्हणाले. मग त्यांनी आईकडे पाहिलं. आम्हाला दोघींना मिळून नाही, फक्त आईला ते सांगत होते. "मी नऊ वर्षांचा होतो. वडिलांचं आतड्याचं ऑपरेशन होतं. हसत गेले. मला म्हणाले, दुपारी येतो, मग आपण पतंगाला दोरा आणू. मी दारात बसून राहिलो. त्यानंतर दवाखान्याचा तो वास आला ना, की मला पुन्हा ते दार दिसतं. मी ‘घ्या’ म्हणालो तेव्हा मला वाटलं होतं, जमेल. घरी आलो आणि कळलं की नाही जमत. तू ताटात पास्ता वाढलास, तेव्हा मला इतकं सुटल्यासारखं वाटलं. मी पहिला घास खाल्ला आणि मनात म्हटलं, चला, सुटलो. असं म्हटलं मी. तुझ्यासमोर बसून."

"मी म्हणूनच वाढत होते," आई म्हणाली. "खा ते. गार होतंय. मला चालतंय आठवड्यातून तीनदा."

"तुला चालतंय. मला नाही चालत."

ते उठले. ताट ओट्यावर ठेवलं, कपाटातून एक पाकीट काढलं, दातांनी फोडलं. सगळ्या घरात तो वास पसरला. आई उठायला लागली तर त्यांनी हाताने तिला बसायला सांगितलं. नूडल्स धुतल्या, उकळल्या, तव्यावर टाकल्या. रस्सा संपला होता, म्हणून नुसत्याच ताटलीत घेऊन टेबलाशी आले. बाबांनी स्वतः काही शिजवून आणून आमच्याबरोबर बसून खाल्लेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आईने मगाचं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि मी ते खाल्लं, साखर असूनही. रडत खाल्लं.

त्या दिवसापासून बाबा स्वतःचं स्वतः करायला लागले. सकाळी पाच किलोमीटर चालायचे, कारखान्यात थुंकायचे, घरी येऊन तव्यावर त्या चूं-चूं करणाऱ्या नूडल्स परतायचे. मला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की भीती जाईल. गेली नाही. उलट आता उघड झाल्यामुळे ती घरात चौथ्या माणसासारखी वावरायला लागली. जेवता जेवता त्यांचा हात थांबायचा. आई विचारायची, "आली का?" ते म्हणायचे, "आली." मग आई काहीतरी भलतंच बोलायला काढायची, पडद्यांचं, शेजारणीच्या नव्या चपलांचं, आणि ते पुन्हा खायला लागायचे.

तीन महिन्यांची मुदत उलटून गेली. डॉक्टरांनी आणखी एक महिना दिला. त्या महिन्यातच आईच्या डाव्या हाताची नस तिसऱ्यांदा बंद पडली आणि या वेळी उघडली नाही. दुसऱ्या हाताची नस तयार होईपर्यंत मानेत नळी घालावी लागली. ती घालताना बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते. मला म्हणाले, "तीन आठवडे मी फुकट घालवले." त्यावर मी ‘असं काही नाही हो’ म्हणायला हवं होतं. मला ते म्हणता आलं नाही. मी नुसती त्यांच्याशेजारी बसून राहिले.

काट्याने सत्त्याऐंशी किलो आणि आठशे ग्रॅम दाखवले, तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी टाळ्या वाजवल्या. बाबांचा चेहरा पांढरा पडला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दोघांच्या खाटा एकाच खोलीत होत्या, मध्ये पडदा. पडदा आईने सरकवून टाकला होता. बाबांना आधी नेणार होते, आईला त्यानंतर तासाभराने. हिरव्या झग्यात बाबा अगदीच कुणीतरी वेगळे दिसत होते. गळ्यापाशी कातडी सैल लोंबत होती.

नर्स कागद घेऊन आली. वयाने मोठी, शांत बाई होती. तिने त्यांचं नाव विचारलं, वय विचारलं, दात खरे की बसवलेले ते विचारलं, शेवटचं कधी खाल्लं ते विचारलं.

"काल संध्याकाळी. नूडल्स," बाबा म्हणाले. "त्या खाल्ल्या असं धरत असाल तर."

नर्सने ते लिहून घेतलं. मग कागद उलटला. "किडनी स्वखुशीने देताय ना? कुणी जबरदस्ती केलेली नाही?"

आई उशीवरून उठून बसली होती. ती काहीच बोलली नाही. तिने त्यांना अजूनही मोकळं ठेवलं होतं. ते ‘नाही’ म्हणाले असते तरी तिने तितक्याच सहज विचारलं असतं की चला, घरी जाऊन काय करू जेवायला.

"स्वखुशीने," बाबा म्हणाले. "पण मी घाबरलोय. फार घाबरलोय. तेही लिहा."

"त्याला इथे रकाना नाही हो काका."

"मग कडेला लिहा. जागा आहे की."

नर्सने त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे. तिने पेन उघडलं आणि समासात, कागद थोडा तिरका धरून, बारीक अक्षरात लिहिलं : दाता घाबरलेला आहे. कागद बाबांपुढे धरला. बाबांनी चष्मा मागितला, मी दिला. त्यांनी ते तीन शब्द नीट वाचले, मान हलवली आणि त्यांच्या खाली सही केली.